पोरगी काता (कराटेतल्या ठरलेल्या स्टेप्सचा क्रम) एकाच स्पीडनं उरकायलीय, रिदम कसा बसवावा?

परभणीचा बाप: पोरगी ११ वर्षांची, दोन वर्षं झाली कराटे शिकायलीय. हेइआन शोदान नावाचा काता पाठ हाय पण २१ च्या २१ स्टेप्स अशा मारती जसं काय स्टँडवरून एसटी सुटायलीय. सर म्हणले ताकद हाय, रिदम नाही. घरी काय करून घेऊ?

लातूरकर_ब्लॅकबेल्ट: आकडे मोजत शिकलेल्या लेकरांचं असंच होतंय भाऊ, सगळं सारख्या अंतरावर बसतं, मग काता कमी अन् शाळेतली पीटी जास्त. ९ व्या अन् १७ व्या स्टेपला किआई (जोरात आरोळी) हाय ना, तिथपर्यंतच्या तीन-तीन स्टेप्स जोडून घ्या, किआईनंतर क्षणभर थांबून आधी नजर वळवायची मग अंग. आणि एक बघा, पाय आधी टेकतो अन् पंच मागून येतो का? दोन्ही सोबतच संपले पाहिजेत. मोबाइलवर स्लो मोशन काढून तिलाच दाखवा.

नांदेडची_ताई: मी तर हलगीवर करून घेते, लेकरं हसतात पण ठेका कुठं तुटला ते त्यांनाच कळतं 😄 कुमितेला (समोरासमोरच्या लढतीला) मात्र हे चालत नाही बरं का, तिथं ठेका समोरच्याचा असतो, तो निघाला की त्याच क्षणी आपण शिरायचं, त्याला सेन नो सेन म्हणतात. ठरलेल्या तालात उड्या मारणारं लेकरू लगेच वाचता येतं.

परभणीचा बाप: आत्ताच शूट केलं ताई. पायच आधी टेकायलाय!