ताई येतेय, बिट्टी आजारी आहे आणि शनिवार-रविवार तीनच

कर्वेनगरी

मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी मोठी बहीण येत्या गुरुवारी इंदूरहून येतेय. ती ६१ची, गुडघा दुखतो म्हणते; मी ५४चा. २०२२नंतर पहिल्यांदाच येतेय. सासूबाई अंथरुणावर असल्यामुळे तिला घर सोडता येत नाही; आता जावेने तीन आठवडे त्यांना सांभाळायचं कबूल केलंय. एरवी मी सकाळी कंपनीच्या बसने चाकणला जातो तो रात्रीच परततो. म्हणजे आम्हाला हाताशी शनिवार-रविवार फक्त तीन. ताईने फोनवर यादीच सांगून टाकली: "सिंहगडावर पिठलं-भाकरी, वाईचा ढोल्या गणपती, मुळशीचा पाऊस. आणि बाळ्या, बिट्टीला घेऊनच."

बिट्टी म्हणजे आमची देशी कुत्री. आठ वर्षांची, १९ किलोची, एक कान उभा, एक पडलेला. मे अखेरीस भाचीच्या लग्नाला गेलो तेव्हा तिला पाच दिवस एका बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. परत आणली तर कानात सात गोचिडी. काढल्या आणि विषय संपला असं समजलो. जूनच्या मध्यावर तिने पोळीकडे पाठ फिरवली. पोळीच्या डब्याचं झाकण वाजलं की गाढ झोपेतून उठणारी ही! ताप १०४.५, पोटावर लाल ठिपके, रक्त तपासलं तर प्लेटलेट ३८ हजार. गोचीडताप, एर्लिकिया. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन २८ दिवस दिलंय. दहाव्या दिवशी प्लेटलेट १ लाख १२ हजारांवर आल्या. आज चौदावा दिवस. गोचिडी बोर्डिंगमधल्याच असं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत, आमच्या पार्किंगमध्येही असतील म्हणतात. पण माझं मन तिथेच जातं, तेव्हा बोर्डिंगचा पर्याय कृपया सुचवू नका.

ती आता बरी दिसते, हीच अडचण आहे. पट्टा हातात घेतला की नाचते, दोन जिने उतरते आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपाशी जाऊन बसते ती बसतेच. उचलून आणावी लागते (लिफ्ट नाही). ताईचं म्हणणं, हवापालट झाला की माणूस सुधारतं तसं कुत्रंही सुधारेल. मी नको म्हटलं तर तिला वाटेल, याला फिरवायचा कंटाळा आलाय. तोंडाने म्हणणार नाही, मनात ठेवील.

तर तिला गाडीतून कुठे आणि किती नेता येईल? की घरीच ठेवू? शेजारच्या काकू दुपारी तिला खाली नेऊन आणतात, पण रात्रभर ठेवून घेणार नाहीत, त्यांच्याकडे मांजर आहे.

धनकवडीची माई

दादा, आधी एक विचारते. घरात गोचिडींचा बंदोबस्त केलात का? कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरातसुद्धा नांदते. भिंतीच्या भेगा, दाराची चौकट, पलंगाच्या फळ्यांमधली फट, पडद्याची दुमड. रक्त न पिता महिनोन्‌महिने तग धरते. माझ्याकडे तीन कुत्री. पहिल्या वर्षी मी कुत्री धुतली, घर तसंच ठेवलं आणि दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सांगायचं इतकंच की बाहेर न्यायच्या काळजीत घरातलं विसरू नका. बिट्टीची गोधडी गरम पाण्यातून काढा आणि गोचिडीची गोळी दिली नसेल तर डॉक्टरांना विचारा. काही गोळ्या महिनाभर पुरतात, काही तीन महिने. फिट येणाऱ्या कुत्र्याला त्यातल्या काही चालत नाहीत, म्हणून मनाने आणू नका.

फिरण्याचं म्हणाल तर पहिला शनिवार-रविवार लांबचं काही नको. ताईंना केळकर संग्रहालयात घेऊन जा. बाजीराव रस्त्यालाच आहे, पाऊस असला तरी अडत नाही. ते अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या बघताना माझ्या सासूबाई दोन तास गप्प होत्या, आमच्या घरी हा विक्रम आहे. शिवाय तिथे मस्तानी महाल उभा केलेला आहे. तीन-चार तासांत घरी परत. तेवढा वेळ बिट्टी झोपून काढेल.

रविवारी पहाटे सहाला खडकवासला. आठनंतर कणसाच्या गाड्या आणि माणसं, मग नको. आणि वेताळ टेकडी सध्या अजिबात नको! मी रोज जाणारी आहे म्हणून सांगते, पावसाळ्यात गवत कमरेएवढं होतं आणि त्यात काय काय चिकटतं ते घरी आल्यावर कळतं.

निवृत्त जनावरांचा डॉक्टर

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ३१ वर्षं काढली, बहुतेक गाई-म्हशींत, पण कुत्रीही पुष्कळ पाहिली. तुमच्या डॉक्टरांनी बिट्टीला पाहिलंय, मी नाही. तेव्हा शब्द त्यांचाच शेवटचा.

कुत्रं बरं दिसू लागलं की लोक अठराव्या-विसाव्या दिवशी गोळी बंद करतात. हा जंतू रक्तातल्या पांढऱ्या पेशीत दडून बसतो, ताप गेला म्हणजे तो गेला असं नाही. पुढे महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो आणि तेव्हा कधी कधी हाडातली मज्जाच हात टेकते, नवीन पेशी बनत नाहीत. २८ म्हणजे २८. ताई असोत, पाहुणे असोत, वाई असो.

गोळी रिकाम्या पोटी दिलीत तर ओकेल. दुधातून किंवा दह्यातून देऊ नका, कॅल्शियममुळे औषध नीट शोषलं जात नाही. पोळीच्या तुकड्यात द्या आणि वर पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम करते.

प्लेटलेट १ लाख १२ हजार म्हणजे धोका बराचसा टळला, पण दोन लाखांच्या आसपास पोचेपर्यंत उड्या, मस्ती, दुसऱ्या कुत्र्याशी झटापट नको. गिरणीपाशी बसते म्हणता ना, तिचं अंतर तेवढंच समजा. तिथे पोचायच्या आधीच मागे वळा. रोज सकाळी ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी ठीक. पांढुरक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कॉफीसारखी झाली तर सहल गुंडाळून दवाखाना. लघवी अशी झाली तर बबेसिया हा दुसरा गोचीडरोगही सोबत असू शकतो. कुत्र्याचं अंग एरवीही आपल्याहून गरम लागतं. १०१ ते १०२.५ हे त्याचं नेहमीचं. हात लावून ताप ठरवू नका, साधा डिजिटल थर्मामीटर गुदद्वारातून लावा.

आता खरं कारण, ज्यासाठी लिहायला बसलो. पाहुणी इंदूरची आहे. शेव येणार. लसणाची शेव येणार. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि तुमच्या बिट्टीकडे आत्ता उधळायला पेशी नाहीत. डबा वरच्या फळीवर ठेवा. ताईंच्या गुडघ्यासाठी पर्समध्ये वेदनाशामक गोळ्या असतील तर त्याही वर. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला फार वाईट.

टेकडीवाला

एवढा काथ्याकूट कशाला? कुत्रं काकूंकडे, बहीण गाडीत. ती चार वर्षांनी येतेय, कुत्रं रोजच आहे.

कर्वेनगरी

टेकडीवाले, मुद्दा रास्त आहे. फक्त ताईच तुमच्याशी सहमत होणार नाही. बिट्टीला पार्किंगमधल्या स्कूटरखालून बाहेर काढली ती तिनेच, २०१८च्या दिवाळीत. ओढणीत गुंडाळून वर आणली, माझ्या हातात दिली आणि तिसऱ्या दिवशी इंदूरला निघून गेली.

डॉक्टरसाहेब, शेव दरवेळी दोन किलो असते, निम्मी लसणाची. तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात की काय!

वाईकरीण

वाईला या, पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या रविवारी. दोन तासांचा रस्ता आहे, आणि येताना खंबाटकीच्या वळणांवर आमची लहान मुलंसुद्धा ओकतात, कुत्र्याचं काय घेऊन बसलात. निघायच्या तीन-चार तास आधी पोटभर देऊ नका आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. गोळीची वेळ प्रवासात येत असेल तर ती पोचल्यावर, खाण्यासोबत.

ढोल्या गणपतीपाशी सकाळी साडेनवानंतर गर्दी होते, म्हणून मी पाहुण्यांना आधी मेणवलीला नेते. तीनेक किलोमीटरवर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट, आणि तिथल्या छोट्या देवळात टांगलेली ती मोठी घंटा. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चच्या घंटा इकडे आल्या, त्यातली ही एक. एकाने गाडीपाशी कुत्र्याजवळ थांबायचं, दुसऱ्याने बघून यायचं. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्यांना शेवाळ असतं; ताईंचा गुडघा दुखत असेल तर खाली उतरू देऊ नका, वरूनसुद्धा छान दिसतो. डबक्यातलं पाणी बिट्टीला पिऊ देऊ नका, उंदराच्या लघवीतून लेप्टो हा रोग होतो. घरचं पाणी बाटलीत आणा.

सिंहगड मात्र जुलैतल्या रविवारी सोडून द्या. आमचे भाऊजी गेल्या पावसाळ्यात घाटात अडीच तास अडकले, पिठलं मिळालं ते संध्याकाळी, थंड.

कर्वेनगरी

दोन शनिवार-रविवार झाले, म्हणून कळवतोय.

ताई आली ती शेवेची पिशवी पुढे करूनच. मी डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, "मग चार वर्षांपूर्वी मी दिली ती?" बिट्टीला तेव्हा काही झालं नव्हतं, त्यामुळे यावर वाद अर्धा तास चालला. डबा आता फ्रिजवर आहे. कोथिंबिरीच्या गड्डीमागे लपवलेलं एक पाकीट मला परवा सापडलं, पण ते तिच्या स्वतःसाठी होतं असं तिचं म्हणणं.

पहिल्या शनिवारी केळकर संग्रहालय. माईंच्या सासूबाईंचा विक्रम अबाधित आहे, ताई वीस मिनिटंही गप्प नव्हती. प्रत्येक अडकित्त्यापुढे आमच्या आजीचा अडकित्ता कुठे गेला याची चौकशी. (चुलतभावाकडे आहे. सगळ्यांना माहीत आहे.) जिने चढताना तिने कठडा धरला तेव्हा मला कळलं की गुडघ्याचं प्रकरण फोनवर सांगते त्यापेक्षा बरंच पुढे गेलंय. सिंहगडाचा विषय तिने स्वतःच तिथे मिटवला.

रविवारी पहाटे खडकवासला. धरणाच्या कडेने बिट्टी साठ-सत्तर पावलं चालली आणि बसली. ताई म्हणाली, "बघ, तिलाही इथेच बसायचंय," आणि कठड्यावर टेकली. दोघी पाऊण तास तिथेच. मी उभा, हातात छत्री, एकदा हिच्यावर, एकदा तिच्यावर.

पलंगाच्या फळ्या काढल्या. फटीत चार गोचिडी सापडल्या. माई, बोर्डिंगवाल्यांना मी मनातल्या मनात फार शिव्या दिल्या होत्या, त्यातल्या निम्म्या परत घेतो. डॉक्टरांकडून महिन्याची गोळी आणली आणि घरात फवारणी करून घेतली. त्या दिवशी आम्ही तिघं दिवसभर काकूंकडे होतो. मांजर कपाटावर.

दुसऱ्या शनिवारी मुळशी. पाऊस इतका की गाडीतून उतरलोच नाही. धरण काचेतून पाहिलं आणि थर्मासमधला चहा प्यालो. मागच्या सीटवर ताईच्या मांडीवर डोकं ठेवून बिट्टी घोरत होती. काच धूसर झाली की ताई ओढणीने पुसायची. रविवारी मी सामानाची यादी घेऊन बाहेर जायला निघालो, तर ताईने बिट्टीला गिरणीच्या अलीकडून वळवून आणलं होतं आणि तिच्या हिरड्या बघत होती. रोज सकाळी तीच बघते. "गुलाबी," असं आतून ओरडून सांगते, मी दाढी करत असतो.

काल २८वा दिवस. प्लेटलेट १ लाख ९४ हजार. डॉक्टर म्हणाले महिन्याने पुन्हा तपासू, उड्या अजून नकोत. ताईची तिकिटं मंगळवारची आहेत. शनिवारी तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायला अपॉइंटमेंट घेतलीय, ती नाही नाही म्हणत होती, पण मी सांगितलं की बिट्टी दवाखान्यात जाते तर तुला काय झालंय.

वाईकरीण, रविवारी सहाला निघतोय. घाटावर खाली उतरणार नाही. पिठलं आणि भाकरी ताई पहाटे करून डब्यात घेणार आहे, बिट्टीसाठी वेगळी पोळी. मेणवलीत गाडी सावलीत लावायला जागा नेमकी कुठे मिळेल तेवढं सांगा.

वाईकरीण

वाड्याच्या अलीकडे मोठी झाडं आहेत, तिथे लावा. नऊच्या आत या.