सासऱ्यांची पॅलिएटिव्हमधली औषधं, यातली खरंच कामाची कुठली?

रामबागची_सून, इंदूर

नमस्कार मंडळी, आजवर इथे नुसतं वाचत आलेय, आज विचारायची वेळ आली. सासरे ७६ वर्षांचे आहेत, फुप्फुसाचा कॅन्सर, हाडांत पसरलाय, केमो थांबवलीये आणि डॉक्टर म्हणाले आता पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी ठेवायचा. ते घरात सगळ्यांना पटलंय, निदान वरवर तरी. माझा प्रश्न औषधांचा आहे. फ्रिजवरचा शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा आता गोळ्यांचा झालाय, त्यात मॉर्फिन आहे, पॅरासिटामॉल आहे, नसांच्या दुखण्याची प्रीगाबालिन, पोट साफ व्हायची, भूक लागायची एक बारीकशी गोळी, शिवाय जुनी कोलेस्टेरॉलची, बीपीची, कॅल्शियम, दोन प्रकारची व्हिटॅमिनं, आणि खोलीत भाड्याने आणलेली ऑक्सिजनची मशीन. बाबा म्हणतात गोळ्यांनीच पोट भरतं, मग पोळी कशाला वाढता.

त्यात मोठे दीर पुण्याहून रोज फोन करून सांगतात मॉर्फिन देऊ नका, सवय लागते आणि माणूस लवकर जातो. शेजारच्या काकू म्हणतात ग्लुकोजची बाटली लावा, अंगात ताकद येईल. डॉक्टर चांगले आहेत पण ओपीडीत इतकी गर्दी की दोन मिनिटांच्या वर बोलणंच होत नाही. तर मला एवढंच हवंय की या औषधांचे नीट अभ्यास झालेत का, की सगळं अंदाजपंचे चालतं? कृपया डॉक्टर बदला असं सांगू नका, आणि गोमूत्र वगैरे पण नको.

भूलवाला

वहिनी, मी भूलतज्ज्ञ आहे, पेन क्लिनिकमध्ये बसतो, त्यामुळे थोडं मोठं लिहितोय. डोस मात्र इथे सांगणार नाही, तो तुमचे डॉक्टरच ठरवतील.

आधी मॉर्फिन, कारण भांडण त्यावरच चाललंय. कॅन्सरच्या दुखण्यावर त्याच्याइतका भरवसा दुसऱ्या कुठल्याच औषधावर नाही. २०१७ साली कॉक्रेनवाल्यांनी (औषधांचे अभ्यास तपासणारी जागतिक संस्था) जुने सगळे आढावे एकत्र करून पाहिले, त्यात निघालं की मध्यम किंवा जास्त दुखणं असलेल्या ज्या लोकांना ही औषधं सोसतात त्यांच्यापैकी २० तले साधारण १९ जण १४ दिवसांच्या आत किरकोळ दुखण्यावर किंवा शून्यावर येतात. आता ‘ज्यांना सोसतात’ हे शब्द महत्त्वाचे, कारण दहातल्या एक-दोघांना मळमळ, गुंगी इतकी होते की औषध बदलावं लागतं. आणि त्याच लोकांनी हेही लिहून ठेवलंय की एवढ्या जुन्या औषधाच्या मानाने अभ्यासांचा दर्जा निराशाजनक आहे. म्हणजे परिणाम डोळ्यांना दिसतो पण कागद कमी पडतो, आमच्या या विषयात हे नेहमीचंच. कारण साधं आहे, पेशंट अभ्यास पूर्ण व्हायच्या आतच जातात, घरचे लोक त्या अवस्थेत फॉर्म भरायला तयार नसतात (आणि का असावेत), आणि कळवळणाऱ्या माणसाला नुसती खडूची गोळी देऊन बघता येत नाही.

तरी काही चांगले अभ्यास आहेत. इटलीत २४० पेशंटवर बघितलं, मध्यम दुखणं असलेल्यांना आधी ट्रॅमाडॉलसारखी हलकी औषधं द्यायची की थेट थोड्या डोसचं मॉर्फिन. २०१६ ला छापून आलं, मॉर्फिनवाल्यांत ८८ टक्के लोकांचं दुखणं ठरवल्याइतकं उतरलं, हलक्या औषधांत ५८ टक्के, आणि फरक पहिल्या आठवड्यातच दिसला. बिचाऱ्या पेशंटला महिनोन्‌महिने ट्रॅमाडॉलवर लटकवून ठेवतात ते मला म्हणूनच पटत नाही.

दीरांना सांगा, दुखण्याच्या मापाने हळूहळू वाढवलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. शरीराला सवय होते हे खरं, म्हणून एकदम बंद करायचं नाही, पण व्यसन म्हणजे वेगळी गोष्ट. आणि पॅलिएटिव्ह म्हणजे हात वर करणं असं त्यांना वाटत असेल तर २०१० चा बोस्टनचा अभ्यास सांगा, १५१ पेशंट, सगळे फुप्फुसाच्या कॅन्सरचेच, ज्यांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत पॅलिएटिव्ह टीमही मिळाली ते सरासरी ११.६ महिने जगले, बाकीचे ८.९. हे निदान झाल्या झाल्या सुरू केलेलं होतं, त्यामुळे बाबांना हाच आकडा लावू नका, पण पॅलिएटिव्हने माणूस लवकर जातो ही भीती तरी जाईल.

आता डब्यातलं काढून टाकण्यासारखं. कोलेस्टेरॉलची गोळी! अमेरिकेत ३८१ अशाच पेशंटवर बघितलं, ज्यांचं आयुष्य महिना ते वर्ष एवढंच उरलंय असं वाटत होतं, अर्ध्यांची स्टॅटिन, म्हणजे ही कोलेस्टेरॉलचीच गोळी, बंद केली. दोन महिन्यांत मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक नाही, उलट बंद केलेल्यांना थोडं बरंच वाटलं. कॅल्शियम-व्हिटॅमिनांचंही डॉक्टरांना विचारा. बीपीची मात्र मनाने बंद करू नका, आधी बीपी मोजून डॉक्टरांना कळवा, वजन उतरलं की बऱ्याचदा तीही कमी करतात.

भुकेची बारीक गोळी ओलांझापीन असेल तर ती राहू द्या. पाँडिचेरीच्या जिपमर या सरकारी मेडिकल कॉलेजचा अभ्यास आहे, २०२३ चा, १२४ पेशंट, पोटाचे, यकृत-स्वादुपिंड-पित्तमार्गाचे आणि फुप्फुसाचेही कॅन्सर, २.५ मिलिग्रॅम एवढासा डोस. वजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलेले ६० टक्के, औषध नसलेल्या खोट्या गोळीवर ९ टक्के. ते सगळे केमो चालू असलेले होते, बाबांची बंद आहे, हा फरक धरा. पण आपल्या देशातलं, स्वस्तातलं आणि जोडीला झोपही लागते.

दवाबाजार_निवृत्त

ताई, मी जन्म इंदूरच्या दवा बाजारात काढला, आता दुकान मुलगा बघतो. डॉक्टरसाहेबांनी एक सोडलं ते मी सांगतो. मॉर्फिन सुरू की पोट बंद, हे धरूनच चालायचं. मळमळ, गुंगी चार-आठ दिवसांत बसते पण बद्धकोष्ठ बसत नाही, गोळी चालू तोवर ते चालू. आणि आपल्या घरांत लगेच इसबगोल काढतात, ते इथे नको, पेशंट पाणी कमी पितो आणि आतडं आधीच सुस्त, इसबगोल फुगून अडकून बसतं. सोनामुखीवाली नाहीतर बिसाकोडिलसारखी आतडं हलवणारी लागते, आणि रोज, त्रास झाल्यावर नव्हे. नुसती मल मऊ करणारी डॉक्युसेट पुष्कळ लिहितात, कॅनडात हॉस्पिसमध्ये (शेवटच्या दिवसांत पेशंट सांभाळतात ती जागा) सोनामुखीबरोबर ती देऊन आणि न देऊन पाहिली, काही फरक पडला नाही. आम्ही मात्र वर्षानुवर्षं विकली.

दुसरं म्हणजे मिळण्याचं. अहो आपल्या माळव्यात नीमच-मंदसौरला अफू पिकते, नीमचला अफूतून औषधी द्रव्यं काढणारा सरकारी अल्कलॉइडचा कारखाना, आणि इंदूरच्या माणसाला मॉर्फिनची गोळी हवी तर नाक्यावरच्या मेडिकलवाला असा बघतो की आपण चोरच. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याची धास्ती, परवान्यांच्या भानगडी इतक्या होत्या की कोणी ठेवायचंच नाही. २०१४ ला कायदा सुधारला, मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं ‘अत्यावश्यक’ म्हणून वेगळी काढली, आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेली संस्था ती ठेवू शकते. म्हणून नाक्यावर फिरू नका, जिथून चिठ्ठी मिळाली तिथेच विचारा, त्यांच्याकडे नसेल तर कुठल्या संस्थेकडे आहे ते तेच सांगतील. गोळी स्वस्त असते हो, महाग पडतो तो कातडीवर चिकटवायचा फेंटानिलचा पॅच. तो कोणी दिला तर त्यावर गरम पिशवी शेकायची नाही, औषध एकदम आत जातं.

मोरारकर, ग्वाल्हेर

काका, गंमत म्हणजे अफूचे परवाने देणाऱ्या सेंट्रल ब्यूरो ऑफ नारकोटिक्सचं मुख्यालय आमच्या ग्वाल्हेरला, तरी आईच्या वेळी गोळी मिळवायला आम्ही दिल्लीच्या नातेवाइकांना कामाला लावलं होतं. असो.

मला ऑक्सिजनबद्दल बोलायचंय. भूलवाले डॉक्टर, तुम्ही त्यावर काहीच लिहिलं नाही. मी ऐकलंय की त्याचा उपयोग नाही म्हणतात, पण आईला नळी लावली की ती शांत व्हायची, हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळे अभ्यास काही म्हणो, मी तर लावाच म्हणेन. आणि शेवटी ती असंबद्ध बोलायला लागली, रात्री उठून कुकर लावायला निघायची, तेव्हा झोपेची-डोक्याची औषधं दिली त्याने ती आणखीच बिघडली असं मला आजही वाटतं.

भूलवाला

मोरारकर, दोन्ही गोष्टींवर अभ्यास आहेत. ऑक्सिजनचा २०१० चा, २३९ पेशंट, ज्यांचं रक्तातलं ऑक्सिजन ठीक होतं पण धाप लागत होती. अर्ध्यांना मशीनमधून ऑक्सिजन, अर्ध्यांना त्याच नळीतून साधी हवा, कोणाला काय चाललंय ते माहीत नाही. दोघांनाही थोडं बरं वाटलं, सारखंच. म्हणजे तुमच्या आईला बरं वाटलं ते खोटं नव्हतं, फक्त ते नळीने, वाऱ्याने, कोणीतरी जवळ बसल्याने वाटलं असेल. किंवा त्यांचं ऑक्सिजन खरंच उतरलेलं असेल, मग तर लागतोच. वहिनी, बोटाला लावायचं ते यंत्र घरी असेल तर आकडा डॉक्टरांना कळवा. ठीक असेल तर भाड्याच्या मशीनऐवजी हातात धरायचा छोटा पंखा चेहऱ्यावर सोडून बघा, त्याने धाप कमी होते असं नीट तपासलेलं आहे. धापेवर मॉर्फिनही देतात पण तिथे दुखण्याइतकी खात्री नाही, २०२२ मध्ये सीओपीडीच्या (फुप्फुसांचा जुनाट धापेचा आजार) पेशंटना थोड्या डोसमध्ये देऊन पाहिलं, फायदा निघाला नाही.

आणि भ्रमाचं तुम्ही म्हणता ते अगदीच बिनबुडाचं नाही. २०१७ ला ऑस्ट्रेलियात २४७ पेशंटवर हॅलोपेरिडॉल आणि रिस्पेरिडोन ही भ्रमावर देतात ती डोक्याची औषधं पाहिली, त्या गोळ्या घेणाऱ्यांची लक्षणं खोट्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त राहिली. हे हलक्या-मध्यम भ्रमाचं, पेशंट फारच अनावर झाला तर औषध द्यावंच लागतं. पण आधी बघायचं की लघवी तुंबलीये का, पोट साफ आहे का, चष्मा आणि कानाचं मशीन लावलंय का.

रामबागची_सून

सगळ्यांचे खूप आभार, काल प्रिंट काढून नेलं डॉक्टरांकडे. ते म्हणाले बरं झालं विचारलंत, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम आणि व्हिटॅमिनं बंद, बीपीची अर्धी, सोनामुखी सुरू केली. ओलांझापीनच आहे ती, चालू ठेवली. दिरांना बोस्टनवालं वाचून दाखवलं, ते म्हणाले अमेरिकेतलं इथे कशाला, पण मॉर्फिनवर गप्प बसले. ग्लुकोजचं तेवढं राहिलं, काकू रोज विचारतात.

भूलवाला

ह्यूस्टनला १२९ पेशंटवर बघितलंय, २०१३ मध्ये छापलं, रोज एक लिटर सलाइन विरुद्ध १०० मिलिलिटर, थकवा, गुंगी, भ्रम, जगणं, कशातच फरक नाही. जास्त पाण्याने अशा पेशंटच्या पायाला सूज आणि छातीत घरघर वाढू शकते हे वेगळंच. तहान म्हणजे बऱ्याचदा कोरडं तोंड असतं, बर्फाचा तुकडा, ओला कापूस, ओठांना तूप, हे दर तासा-दोन तासाने. काकूंना हेच काम द्या.

दवाबाजार_निवृत्त

आणि ताई, मशीनचं भाडं रोजावर आहे की महिन्यावर ते बघून मग परत करा, महिन्यावर असेल तर मुदत संपेपर्यंत ठेवा, उरलेले पैसे कोणी परत देत नाही. मॉर्फिनची चिठ्ठी लॅमिनेट करू नका, तिच्यावर दर वेळी नोंद करावी लागते.