दहावीच्या इतिहासात एकही लढाई नाही: बरं झालं की वाईट?

गडवाट (धागाकर्ता)

भाचा यंदा दहावीला आहे, राज्य मंडळ. त्याचं इतिहासाचं पुस्तक चाळायला घेतलं आणि चक्रावलोच. नऊ धडे, आणि त्यात राजा नाही, तह नाही, लढाई नाही. पहिला धडा इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा, दुसरा भारतीय परंपरा, तिसरा उपयोजित इतिहास. पुढे कला, प्रसारमाध्यमं, मनोरंजन, खेळ, पर्यटन आणि शेवटी ऐतिहासिक ठेव्यांचं जतन. देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी युरोपातल्या विचारवंतांची सगळी वरात पहिल्याच धड्यात. पंधरा वर्षांच्या पोराला फुको कशाला हवाय?

हे पुस्तक 2018 ला आलं. त्याआधीच्या दहावीला जगाचा इतिहास होता: साम्राज्यवाद, दोन्ही महायुद्धं, रशियन क्रांती, शीतयुद्ध. तो गेला. सीबीएसईची मुलं नववीतच फ्रेंच राज्यक्रांती आणि नाझी जर्मनी शिकतात. आपल्याकडच्या ज्या मुलाने अकरावीला सायन्स घेतलं, त्याची हिटलरशी गाठ पडणार ती थेट व्हॉट्सॲपवर. माझं स्पष्ट मत: हे पुस्तक चुकलंय. बोला.

खडूफळा

तुम्ही दहावीचे धडे मोजलेत, पण खालच्या इयत्तांचे मोजले नाहीत. चौथीला शिवछत्रपती, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मराठ्यांचा काळ, आठवीला इंग्रजी सत्ता, स्वातंत्र्यलढा आणि संयुक्त महाराष्ट्र, नववीला 1960 नंतरचा भारत. म्हणजे क्रमवार इतिहास दहावीच्या आधीच संपतो. दहावीला विचारायचं ते हे, की आतापर्यंत जे शिकलो ते कुणी लिहिलं आणि कशाच्या जोरावर लिहिलं.

हे पोरांच्या डोक्यावरून जातं म्हणता, तर मी वर्गात काय करते ते सांगते. शिवजयंती वर्षातून दोनदा का होते, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला पडलेला असतो आणि घरी कुणी धड उत्तर देत नाही. मी फळ्यावर दोन तारखा लिहिते. एकीकडे वैशाख शुद्ध द्वितीया शके 1549, म्हणजे 1627. ती उशिराच्या बखरींतून आलेली. दुसरीकडे फाल्गुन वद्य तृतीया शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. ती जेधे शकावलीतली. मग विचारते, तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल आणि का? पुढची वीस मिनिटं मला तोंड उघडावं लागत नाही. शकावली म्हणजे नुसत्या तारखांच्या नोंदी, बखर म्हणजे रंगवून सांगितलेली हकिकत, हा फरक त्या भांडणात पोरांना आपोआप कळतो. रांके तरी वेगळं काय सांगत होता? मूळ कागद बघा, हेच ना?

पालक_ठाणे

खडूफळाताई, तुमच्या वर्गात बसायला मी आत्ता तयार आहे. पण आमच्याकडची परिस्थिती सांगतो. सामाजिक शास्त्रांचे 100 गुण. त्यात इतिहास 28, राज्यशास्त्र 12, भूगोल 40, उरलेले 20 शाळेच्या हातात. त्या 28 साठी गाईडमध्ये चौकटी भरून तयार मिळतात. माझी मुलगी परवा पाठ करत होती, ‘फुको यांनी या पद्धतीला ज्ञानाचे पुरातत्त्व असे म्हटले आहे.’ म्हटलं, म्हणजे काय गं? म्हणाली, ‘बाबा, एवढंच लिहायचं असतं.’

वरून सहा विषयांतले चांगले पाच धरायची सोय. गणित-विज्ञान बरं असेल तर सामाजिक शास्त्रांत जेमतेम पास झालं तरी टक्के शाबूत. क्लासवाले उघड सांगतात, इतिहास परीक्षेच्या आठ दिवस आधी बघू. मग पुस्तकात अकबर असो की फुको, फरक कुणाला पडतोय?

टॉपोशीट

भूगोल शिकवतो म्हणून बोलतो. आमचं दहावीचं पुस्तकही 2018 ला असंच उलटंपालटं झालं. आख्खं पुस्तक म्हणजे भारत आणि ब्राझील यांची तुलना. सुरुवातीला आम्हीच कुरकुरलो, ब्राझीलच का म्हणून. पण चाललं! डिसेंबरात आपण स्वेटर घालतो तेव्हा रिओत उन्हाळा, गंगेच्या खोऱ्यात माणसांची खच्चून दाटी आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात जेमतेम वस्ती. पोरं कारणं शोधायला लागतात. आणि मुख्य म्हणजे परीक्षेत नकाशा भरावा लागतो, आलेख काढावा लागतो, दिलेला आलेख वाचून उत्तरं द्यावी लागतात. पाठ करून किती भागणार?

इतिहासवाल्यांनी पुस्तक बदललं, पण प्रश्न जुनेच ठेवले. ‘टीपा लिहा’, ‘सकारण स्पष्ट करा’, ‘चुकीची जोडी ओळखा’. इतिहासलेखनाचा धडा शिकवून जोड्या ओळखायला लावणं म्हणजे पोहण्याची लेखी परीक्षा घेणं. सभासद बखरीतला एक उतारा आणि त्याच प्रसंगाचं इंग्रजांचं पत्र शेजारी शेजारी छापा आणि विचारा की दोघांत काय जुळतं, काय नाही. होऊन जाऊ दे.

गडवाट

टॉपोशीट, परीक्षेचं मान्य. पण माझा मुद्दा बाजूला पडतोय. खडूफळा म्हणतात क्रमवार इतिहास आधीच झाला. भारताचा झाला, जगाचा कुठे झाला? साधनांची चिकित्सा करायला आधी घटना तर ठाऊक हव्यात! मार्क्सवादी इतिहासलेखन शिकवताय, आणि रशियात 1917 ला काय झालं ते पोराला माहीत नाही. कंपनीचा अधिकारी ग्रँट डफ याने मराठ्यांचा इतिहास कोणत्या चष्म्यातून लिहिला हे कळायला 1818 नंतर तो साताऱ्यात काय म्हणून बसला होता, हे आधी कळायला हवं. घोड्याच्या पुढे गाडी जुंपलीय.

आणि खेळ, पर्यटन, मनोरंजन? या तीन धड्यांत माहिती सोडून काही नाही. विष्णुदास भावे यांनी 1843 ला सांगलीत सीता स्वयंवर नाटक केलं... एमपीएससीच्या नोट्स वाटतात.

खडूफळा

मनोरंजनाचा धडा माहितीवजा आहे, मान्य. खेळाचाही.

पण जतनाच्या धड्याला हात लावू देणार नाही. आमच्या गावच्या देवळामागे तीन-चार दगड उभे आहेत, शेंदूर फासलेले. पोरं येता-जाता पाया पडतात. तो धडा आला की वर्ग तिथे नेते. खालून वर वाचायला सांगते. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला माणूस, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेताहेत, त्याच्या वर तोच माणूस शिवलिंगासमोर हात जोडून, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. एका चौकटीत गाई दिसल्या, तेव्हा एक पोरगा म्हणाला, ‘बाई, हा गुरं सोडवायला गेला असणार.’ बरोबर बोलला. नाव नसलेल्या त्या माणसाची लढाई पोराने दगडावरून वाचली, गडवाट. तुम्हाला लढाईच हवी होती ना?

मतदार_नं_नवीन

28 गुणांवर दोघं इतके भांडताय, जरा राज्यशास्त्राच्या 12 कडेही बघा. संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, पक्ष, चळवळी, लोकशाहीपुढची आव्हानं. पाच धडे, 12 गुण. तीन वर्षांनी हीच पोरं मतदान करणार. माहितीचा अर्ज कसा करायचा, ग्रामसभेत प्रश्न कसा मांडायचा, हे कोणी करून घेतंय का? आमच्या पोरांचा राज्यशास्त्राचा तास विज्ञानाचे जादा तास आले की पहिला कापला जातो. तक्रार करायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘तुम्हाला निकाल हवाय ना?’

टॉपोशीट

आता तर नवीच काळजी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे 2025-26 ला पहिलीपासून नवी पुस्तकं सुरू झालीत, वर सरकत सरकत दहावीपर्यंत येतीलच. एनसीईआरटीने सहावीला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र मिळून एकच पुस्तक केलंय. उद्या आपल्याकडे तसं झालं तर माझा ब्राझील, ताईंचा वीरगळ आणि तुमची ग्रामसभा एकाच पिशवीत. कशाचं काय उरेल, देव जाणे.

पालक_ठाणे

एकत्र झालं तर काय बिघडलं? मुलीच्या दप्तराचं वजन तरी कमी होईल. आणि गुणही एकाच पेपरचे असले तर 12 वाल्या विषयाला कुणी सावत्र वागवणार नाही.

गडवाट

वीरगळाला माझा रामराम. तो धडा राहू दे. पण खेळ आणि मनोरंजन मिळून एक धडा करा, इतिहासलेखनाचे दोन आहेत त्यांचा एक करा, आणि रिकाम्या दोन जागी महायुद्धं आणि वसाहतींचं स्वातंत्र्य आणा. फुको अकरावीला. यापेक्षा खाली मी येणार नाही.

खडूफळा

फुको घ्या, दिला. रांके आणि राजवाडे नाही देणार. राजवाड्यांनी गावोगाव फिरून दप्तरं धुंडाळली आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड काढले. ते काय करत होते हे पोरांना सांगायला मला एक पूर्ण धडा लागतोच. महायुद्धांसाठी जागा पर्यटनातून काढा.