जँगोच्या सोर्समध्ये बदल केला, नमुना प्रोजेक्टला पत्ताच नाही

प्रश्न:
मंडळी, दोन संध्याकाळी वाया गेल्या, आता विचारतोच. जँगो या पायथन वेब-फ्रेमवर्कचा रेपो (मूळ कोड) क्लोन केलाय, म्हणजे माझ्या मशीनवर उतरवलाय. सिलेक्ट-डेट-विजेटमध्ये (फॉर्ममधला तारीख निवडायचा भाग) छोटासा बदल करून बघायचाय. बाजूला नमुना प्रोजेक्ट आहे: सरावाच्या जुन्या प्रोजेक्टची कॉपी, एक फॉर्म, एक पान, बस्स. व्हर्च्युअल एन्व्ह (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) चालू केलं, ‘पिप इन्स्टॉल -ई’ला क्लोनचा पाथ दिला (म्हणजे कॉपी न करता क्लोनच जोडला जातो), मग प्रोजेक्टची रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) इन्स्टॉल केली आणि जँगोचा सर्व्हर सुरू करायला रनसर्व्हर.

विजेट्सच्या फाइलमध्ये प्रिंट टाकला, टर्मिनल ढिम्म. सर्व्हर बंद-चालू केला, पायकॅश (पायथननं साठवलेला कंपाइल्ड कोड) उडवला, ब्राउझरही बदलला. शेवटी वैतागून फाइलच्या पहिल्या ओळीत नुसतं ‘अबकड’ लिहिलं, तरी पान मजेत उघडतंय! म्हणजे मी एडिट करतोय ती फाइल कुणी वाचतच नाहीये. मग वाचतंय कुठली?

उत्तर १:
हे आम्हाला नको, पायथनलाच विचारा. त्याच एन्व्हमध्ये पायथन शेल उघडून जँगो इम्पोर्ट करा आणि ‘जँगो.__फाइल__’ प्रिंट करा. आणि रनसर्व्हर सुरू होताना जँगोची व्हर्जन छापतो, ती ओळ वाचलीत का?

प्रश्नकर्ता:
नाही वाचली. आता वाचली. ४.२.११. आणि पाथ साइट-पॅकेजेसचा, म्हणजे पिप पॅकेजेस बसवतं त्या फोल्डरचा. क्लोन तर मेन ब्रँचवर आहे!

उत्तर १:
मग तुमच्या रिक्वायरमेंट्समध्ये ‘जँगो==४.२.११’ असणार. -ई नं आधी क्लोन जोडला. मग ती फाइल चालवलीत, पिपनं पाहिलं की इथली व्हर्जन जुळत नाही, म्हणून क्लोनचा दुवा काढला आणि ४.२.११ आणून बसवली. अनइन्स्टॉल केल्याचं त्यानं छापलंही असेल, पण ते धबधब्यासारखं वाहत जातं, कोण बघतंय. फाइलमधली जँगोची ओळ काढा, -ई पुन्हा चालवा. ‘पिप शो जँगो’मध्ये एडिटेबल लोकेशन म्हणून क्लोनचा पाथ दिसला की जिंकलात.

उत्तर २:
एवढं कशाला, सरळ साइट-पॅकेजेसमध्येच बदल करा की. मी तसंच करतो.

उत्तर १:
करा, आणि एन्व्ह उडवलंत की बदलही गेला. गिट डिफ (काय बदललं त्याची यादी) कशाचा काढणार? जँगोला पॅच (बदल) पाठवायचा असेल तर हा मार्ग सोडाच.

उत्तर ३:
नमुना प्रोजेक्टची ती जुनी कॉपीही टाकून द्या. ४.२ च्या सेटिंग्ज मेनवर आणल्या की भलत्याच कुरकुरी ऐकाव्या लागतात आणि चूक तुमच्या बदलाची की जुन्या प्रोजेक्टची, तेच कळत नाही. -ई झाल्यावर त्याच एन्व्हमधून ‘स्टार्टप्रोजेक्ट’ करून कोरा प्रोजेक्ट घ्या, दोन मिनिटांचं काम. (जावास्क्रिप्टवाल्यांनी हसू नये. एनपीएम लिंक (त्यांचं ‘-ई’) करून रिॲक्ट लायब्ररीच्या दोन प्रती लोड झाल्या की ‘इन्व्हॅलिड हुक कॉल’ येतो. त्यात माझा एक अख्खा रविवार गेलाय.)

प्रश्नकर्ता:
ओळ काढली, -ई पुन्हा चालवलं, रनसर्व्हर दिला आणि धाडकन नेमएरर: ‘अबकड’ इज नॉट डिफाइन्ड. एरर बघून इतका आनंद कधी झाला नव्हता. आता प्रिंटही येतोय, आणि क्लोनमधली फाइल सेव्ह केली की सर्व्हर आपोआप रीलोड होतोय. बदल चालतोय, म्हणजे पॅच पाठवू ना?

उत्तर १:
थांबा. पान दिसलं म्हणजे तुमच्या पानावर चाललं, इतकंच. क्लोनच्या टेस्ट्स फोल्डरमध्ये जा, तिथली रिक्वायरमेंट्स घाला, ‘रनटेस्ट्स’ला फक्त ‘फॉर्म्स_टेस्ट्स’ द्या. एसक्यूलाइटवर चालतं, वेगळा डेटाबेस लागत नाही. तुमच्या बदलासाठी एक टेस्ट लिहा, मग विजेटची फाइल तेवढी गिट स्टॅश करून (बदल तात्पुरता बाजूला ठेवून) तीच टेस्ट चालवा. ती फेल झाली पाहिजे, नाहीतर ती तुमचा बदल तपासतच नाही.

प्रश्नकर्ता:
स्टॅश केल्यावरही पास झाली.

उत्तर १:
मग टेस्ट चिकटवा इथे, बघू.