मदत हवी आहे : पश्चिमेच्या कुंपणालगत आडोशासाठी कोणती झाडे लावावीत? (नागपूर)

नमस्कार.

नागपुरातील एका जुन्या लेआउटमध्ये आमचे बैठे घर आहे. घराच्या पश्चिमेला, कुंपणाच्या भिंतीपलीकडे, अलीकडेच एक व्यापारी इमारत उभी राहिली असून तिची मागची बाजू आमच्या अंगणाकडे आली आहे. एसीची बाहेरची युनिटे, सांडपाण्याचे उघडे पाइप आणि गंजू लागलेले पत्रे, एवढेच आता व्हरांड्यातून दिसते. सासूबाईंची संध्याकाळ याच व्हरांड्यात जाते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा हिरवळ यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. विदर्भातील हवामानात बाग केलेल्यांनी कृपया सल्ला द्यावा.

कुंपणाची भिंत ५ फूट उंच आहे. तिच्या आतल्या बाजूला मातीचा ३ फूट रुंद आणि ३० फूट लांब पट्टा मोकळा आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण ४ फुटांवर असते, तर झाकायची युनिटे १६ फूट उंचीपर्यंत आणि खुर्चीपासून ३६ फूट अंतरावर आहेत. हा हिशेब मांडला तर १८ फुटांवरच्या कुंपणालगत आडोसा १० फूट उंच लागतो. मात्र तोच आडोसा खुर्चीपासून ६ फुटांवर उभारला, तर ६ फूट उंचीही पुरते. म्हणजे एक मार्ग कुंपणालगत झुडपांची दाट रांग लावण्याचा आहे आणि दुसरा व्हरांड्याजवळ लोखंडी जाळी उभारून तिच्यावर वेल चढवण्याचा. दुसऱ्याने काम लवकर साधेल. परंतु मे महिन्यात सूर्यास्तानंतर जी थोडी वाऱ्याची झुळूक येते, तीही अडेल अशी भीती वाटते. म्हणून माझा कल पहिल्याकडे आहे.

माती काळी आहे. पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पट्ट्याला दुपारचे पूर्ण ऊन मिळते, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्यात युनिटांचा गरम झोत भिंतीवरून आत येतो. बाहेर बसण्याचे दिवस उन्हाळ्याचेच असल्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये पाने झाडणारी झाडे येथे उपयोगाची नाहीत. पट्ट्याच्या एका टोकाला जमिनीखालची पाण्याची टाकी आणि ड्रेनेजचे चेंबर आहे, त्यामुळे दूरवर मुळे पसरवणाऱ्या फायकसच्या (वड-पिंपळाच्या वर्गातल्या) जातीही नकोत. कोनोकार्पस झपाट्याने वाढतो हे खरे. पण त्याच्या मुळांबद्दल आणि परागकणांबद्दलच्या तक्रारींवरून गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, तेव्हा तो घराशेजारी लावण्याची माझी तयारी नाही. बांबूच्या बेटाला ३ फुटांचा पट्टा पुरणार नाही. कण्हेर या उन्हात उत्तम टिकते, रस्त्यांच्या दुभाजकांवर आपण ती पाहतोच. परंतु तिचे सर्व भाग विषारी असतात आणि घरात लहान नात आहे. पिवळ्या कण्हेरीचेही तेच.

माझी खरी अडचण कामिनीची आहे. नर्सरीत पहिले नाव तिचेच घेतले जाते आणि ते योग्यही आहे, कारण ती सदाहरित असते, दाट भरते, छाटणी सोसते आणि फुलांचा सुगंध संध्याकाळी अंगणभर पसरतो. परंतु आमच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेले संत्र्याचे झाड आहे. कामिनी संत्र्याच्याच कुळातली असून संत्र्याच्या कोवळ्या पालवीतला रस शोषणारी सिट्रस सिला ही कीड कामिनीवरही चांगली पोसते. संत्र्याचा ग्रीनिंग हा रोग पसरवते ती हीच कीड. कढीपत्त्यावरही ती येते. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था ज्या शहरात आहे, तेथे कामिनी विकताना घरी संत्रा किंवा लिंबू आहे का, एवढे तरी विचारले जावे, असे मला तळमळीने वाटते. झाड जुने आहे, अजून फळे धरते, आणि आडोशासाठी त्याला धोक्यात घालणे मला मान्य नाही.

त्यामुळे आता टेकोमा, अडुळसा, निरगुडी आणि तगर ही नावे उरली आहेत. टेकोमा १० फुटांपर्यंत सहज जाते. पण ती खालून उघडी पडत असेल, तर तिच्यापुढे अडुळशाची किंवा तगरीची बुटकी रांग लावावी का, आणि ३ फुटांत दोन रांगा मावतील का? की एकच रांग लावून दोन रोपांत ३ फुटांचे अंतर ठेवावे? निरगुडी नागपूरच्या उन्हाळ्यात पाणी मिळाल्यास हिरवी राहते का, हे ज्यांनी ती घरी लावली आहे त्यांनी अवश्य सांगावे. वेलीचाच मार्ग घ्यावा लागला, तर मधुमालती आणि कर्टन क्रीपर यांपैकी पश्चिमेच्या उन्हात कोणती पाने टिकवते?

ठिबकची सोय करता येईल, परंतु पाणी बोअरवेलचे आणि जड आहे. मृगाचा पाऊस नीट पडल्यावर लागवड करायची आहे, त्यामुळे खड्ड्यांतील काळ्या मातीत वाळू आणि शेणखत किती मिसळावे, हेही कळले तर त्याआधी खड्डे भरून ठेवता येतील.