खांद्यावरचा व्रण फुगून राहिला, इंजेक्शन आत्ताच घ्यावं की थांबावं?

स्कूटीवाली_मानेवाडा
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत रिंग रोडवर स्कूटी घसरली, कॉलरबोन मोडलं, प्लेट बसवली. हाड छान जुळलं. पण टाक्यांची रेघ आता पेन्सिलीएवढी जाड अन् लाल-जांभळी झाली आहे, आणि रात्री अशी खाजते की झोपच उडते. पर्सचा पट्टासुद्धा सहन होत नाही. हाडाचे डॉक्टर म्हणतात, वर्षभर थांबा, आपोआप बसेल. धंतोलीतल्या त्वचेच्या डॉक्टर म्हणतात, आत्ताच स्टेरॉइडची इंजेक्शनं सुरू करू, दर चार आठवड्यांनी. कोणाचं ऐकू? डिसेंबरात भावाचं लग्न आहे. पंधरा-पंधरा दिवसांनी घेऊन लवकर आटोपता येईल का? सासूबाई रोज कांद्याचा रस लावून राहिल्या, त्याचा वास वेगळाच.

महालकर
ताई, मी यातला जुना गिऱ्हाईक. छातीवर मुरुमाच्या जागी केलॉइड आहे, म्हणजे जखमेबाहेर पसरलेली टणक गाठ, कॉलेजपासून. सुई टोचते त्याचं काही नाही जी, औषध त्या टणक गाठीत शिरतं तेव्हा खरी मजा. डॉक्टरांचा अंगठा जोर लावून पांढरा पडतो अन् आपल्या डोळ्यांत पाणी. गाठ नरम पडली की पुढची इंजेक्शनं सोपी जातात. आधी खाज जाते, मग गाठ मऊ होते, मग बसते. रंग सगळ्यात शेवटी, तोही पुरता जाईलच असं नाही.
पंधरा दिवसांचं मात्र मनातून काढा. ओळखीच्या एकानं लग्नापायी अशीच घाई केली. गाठ बसली, पण तिथं खड्डा पडला अन् भोवती पांढरा डाग. आपल्या सावळ्या कातडीवर तो गाठीपेक्षा जास्त दिसतो.

त्वचावाली_डॉक्टर
व्रण पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, पण दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. जखमेच्या हद्दीतच फुगलेला व्रण वर्ष-दीड वर्षात पुष्कळदा स्वतःहून उतरतो. हद्द ओलांडून शेजारच्या चांगल्या कातडीवर चढणारा तो केलॉइड, आणि तो थांबून बसत नाही. खांदा, छाती, कानाची पाळी या त्याच्या आवडत्या जागा. दर महिन्याला शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, वाढतोय का ते कळेल. तुमचा लाल आहे, खाजतो आहे, म्हणजे अजून सक्रिय आहे. असा व्रण औषधाला जुन्या, पांढऱ्या, दगडासारख्या व्रणापेक्षा चांगला दाद देतो. मी असते तर थांबले नसते.
ट्रायअॅमसिनोलोन, म्हणजे या इंजेक्शनातलं स्टेरॉइड, आत हळूहळू विरघळतं, आठवडेच्या आठवडे काम करतं. आधीच्या डोसचा परिणाम दिसण्याआधी दुसरा टोचला तर औषध साचतं. म्हणून ३ ते ६ आठवड्यांचं अंतर, आणि व्रण सपाट झाला की थांबायचं. शुगर असेल किंवा दिवस राहिले असतील तर आधी सांगा. काही जणींची पाळी पुढेमागे होते, घाबरू नका. मधल्या काळात सिलिकॉनची पट्टी रोज निदान १२ तास लावा. नागपूरच्या घामात ती निघते. धुऊन, वाळवून पुन्हा लावायची. कांद्याच्या रसानं खाजच वाढेल.

स्कूटीवाली_मानेवाडा
धन्यवाद मॅडम, महालकर भाऊ. एक राहिलंच. पुढच्या वर्षी प्लेट काढायची आहे, त्याच जागी चिरा देऊन. मग आत्ता इंजेक्शनं घेऊन उपयोग काय? तेव्हाच व्रण कापून टाकला तर?

त्वचावाली_डॉक्टर
हे आधी सांगायला हवं होतं हो! नुसता कापलेला केलॉइड ४५ ते १०० टक्के वेळा परत येतो, बऱ्याचदा आधीपेक्षा मोठा. आत्ता इंजेक्शनं घ्या, खाज तरी थांबेल. प्लेट काढायच्या वेळी हाडाच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांची भेट घालून द्या. स्टेरॉइडनं जखम भरणं मंदावतं, म्हणून शेवटचं इंजेक्शन आणि ऑपरेशन यांतलं अंतर दोघांनी मिळून ठरवायचं. नंतर टाके काढायच्या सुमारास, जखम नीट मिटलेली असेल तर, पुन्हा इंजेक्शन सुरू, काही महिने दरमहा. व्रण फुगायची वाट तेव्हा पाहायची नाही.

महालकर
अन् इंजेक्शनच्या दिवशी सैल बाह्यांचं घाला ताई, वरून टेप लावतात.