मोंबासात सहा महिने एकटीने राहायचे आहे : अनुभवी भगिनींचा सल्ला हवा

दांडियाबाजारची (वडोदरा)

नमस्कार. मी ३६ वर्षांची, अविवाहित, हिशेब तपासणीच्या कामात असून जानेवारीपासून सहा महिन्यांसाठी केनियातील मोंबासा येथे जाणार आहे. परवाना आणि तिकीट कंपनी पाहणार आहे, घर मात्र मलाच शोधायचे आहे. प्रवासाची भीती मला नाही, भुजपासून गुवाहाटीपर्यंत एकटी फिरले आहे. परंतु आठ दिवस फिरून परतणे वेगळे आणि परक्या गावात एकटीने बिऱ्हाड मांडणे वेगळे, अशी शंका मनात येते. शिवाय गळ्यात खोटे मंगळसूत्र घालून जावे असा आईचा आग्रह आहे. अशा देशांत एकट्या राहिलेल्या भगिनींनी घर, रात्रीचे येणे-जाणे, आजारपण आणि या मंगळसूत्राविषयी मोकळेपणाने लिहावे. ‘जाऊच नकोस’ हा सल्ला घरून भरपूर मिळाला आहे.

मांडवीकर (वडोदरा)

ताई, मी २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षे मोंबासातच एकटी राहिले. तुमची शंका रास्त आहे. फिरायला आलेल्या बाईला हॉटेलवाला, वाटाड्या, सहप्रवासी असे कोणी ना कोणी पाहत असते. बिऱ्हाड करणाऱ्या बाईकडे पहिले पंधरा दिवस कोणाचेच लक्ष नसते. ती रात्री घरी परतली नाही, तर दुसऱ्या दुपारपर्यंत कोणाला पत्ताही लागणार नाही, आणि मला खरी भीती वाटली ती याचीच. म्हणून फाटकावरचा रखवालदार, ज्याला तिथे ‘अस्कारी’ म्हणतात, कोपऱ्यावरची भाजीवाली आणि शेजारची एखादी वडीलधारी बाई, एवढ्या तिघांना तुमच्या येण्याजाण्याच्या वेळा पहिल्याच आठवड्यात ठाऊक होतील असे पाहा.

घर घाईने ठरवू नका. मी फोटो पाहून घेतलेल्या पहिल्या घराच्या मागच्या दाराला धड कडी नव्हती आणि तीन महिन्यांचे भाडे आगाऊ देऊन बसल्यामुळे मला ते सोडताही येईना. आधी पाहुण्यांसाठीच्या खोलीत पंधरवडा काढा, घर एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर पाहा, आणि एकाच आवारात दोन-चार कुटुंबे राहत असलेली जागा निवडा. पाण्याची टंचाई मोंबासात नेहमीचीच असल्याने टाकी कितीची आहे हेही विचारा. मला दुसरे घर एका गुजराती दुकानदाराच्या ओळखीने मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली गुजराती कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यामुळे आपल्या वडोदऱ्याच्या गुजरातीचा तिथे फार आधार होतो. मात्र तुम्ही किती वाजता घरी आलात याची चौकशीही त्याच गुजरातीत होते, हे गृहीत धरा.

स्वाहिलीने मला तारले आणि फसवलेही. रस्त्यात मागून कोणी ‘दादा, दादा’ अशी हाक मारी, तर ती एखाद्या पुरुषाला असेल असे समजून मी चालत राही. स्वाहिलीत ‘दादा’ म्हणजे बहीण आणि ‘काका’ म्हणजे भाऊ, हे कळायला मला महिना लागला. त्याहून महाग पडले ते घड्याळ. तिथले तास सकाळच्या सहापासून मोजले जातात, म्हणजे आपले सकाळचे सात ही त्यांची एक वाजण्याची वेळ. अस्कारीने पाण्याचा टँकर ‘सा तातू’ला, म्हणजे तीनला, येईल असे सांगितले. मी निवांत कामावर गेले आणि टँकर सकाळी नऊला येऊन गेला. बसची वेळ विचारताना सकाळ की रात्र, हे म्हणूनच स्पष्ट करून घ्या.

विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिथे वर्षभर सव्वासहा-साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लगेच काळोख होतो. नवरात्रात मध्यरात्री गरबा आटोपून स्कूटरवर घरी येणाऱ्या मला हे सर्वांत जड गेले. दिवसा मी ‘मटाटू’ने, म्हणजे तिथल्या लहान बसने, सर्रास फिरत असे, पण काळोख झाल्यावर ओळखीच्याच टुकटुकवाल्याला, म्हणजे रिक्षावाल्याला, बोलावीत असे. एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय, तिथे २००७ पासून आहे आणि उत्तम आहे. परंतु थेट चालकाच्या फोनवर पैसे पाठवले की माझे नाव आणि नंबर त्याला मिळे, आणि एकाने पुढे आठवडाभर संदेश पाठवून पिच्छा पुरवला. त्यानंतर अनोळखी चालकाला मी रोखच पैसे देऊ लागले.

खजराणा_रस्ता (इंदूर)

आरोग्याचे तेवढे मी लिहिते. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी शासनमान्य केंद्रातच घ्या आणि लसीचे पिवळे प्रमाणपत्र परतीच्या प्रवासातही हाताशी ठेवा, कारण त्याशिवाय केनियातून भारतात उतरल्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. किनाऱ्यावर मलेरिया असतो, म्हणून प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना आधीच विचारा, मच्छरदाणीत झोपा, आणि परत आल्यावर काही महिन्यांनी ताप आला तरी केनियाचा उल्लेख डॉक्टरांपाशी आवर्जून करा. एकटीने तापात पडण्याचा प्रसंग माझ्यावर आला होता. तेव्हा औषधापेक्षा दाराची दुसरी किल्ली शेजारणीकडे असण्याचा उपयोग अधिक झाला. सामान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका, त्यांच्यावर तिथे २०१७ पासून बंदी आहे.

ग्वाल्हेरची मावशी

बाळ, मंगळसूत्राचा अर्थ मोंबासात गुजराती शेजारणींखेरीज फारसा कोणाला लागणार नाही, आणि त्या मात्र पहिल्याच दिवशी नवऱ्याचे नाव-गाव विचारतील. मी २०१२ मध्ये काठमांडूत एकटी नोकरी करीत होते. घरमालकाला बरे वाटावे म्हणून ‘यजमान शनिवारी येणार आहेत’ असे बोलून बसले आणि मग दर शनिवारी त्यांच्या न येण्याचे नवे कारण शोधण्यात माझा जीव मेटाकुटीला आला. अंगठी घालायची तर घाल, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण ज्यांच्या भरवशावर राहायचे त्यांना खोटे सांगू नकोस.

आणखी एक. काठमांडूत तेव्हा हिवाळ्यात दिवसाचे बारा तासांहून अधिक वीज नसे, त्याची सवय झाली. दसैंच्या, म्हणजे नेपाळातल्या दसऱ्याच्या, सणात मात्र सारे शहर गावी गेले, दुकाने बंद झाली आणि माझ्या गल्लीत मी एकटीच उरले. तू जानेवारी ते जून असशील, तेव्हा रमजान आणि ईस्टर त्यात येतील. त्या दिवसांत कोणाकडे जेवायला जायचे हे आधीच ठरवून ठेव.

दांडियाबाजारची (वडोदरा)

सर्वांचे मनापासून आभार. मावशी, तुमचा निरोप आईला वाचून दाखवला. ती मंगळसूत्राचा हट्ट सोडते आहे, पण शेजारणीकडे किल्ली दिल्याचे तिला पहिल्या आठवड्यातच कळवायचे, अशी तिची अट आहे. मांडवीकर ताई, पंधरवडाभर राहण्यासाठी खोली जुन्या शहराजवळ घ्यावी की कार्यालयाजवळ, एवढे सांगाल का?